अर्ध्यावर सोडलेल्या गेमबद्दल बोलावे का?

पत्राचा सारांश: पत्रलेखक गेली 6 वर्षे, खेळलेल्या प्रत्येक व्हिडिओ गेमबद्दल एका वहीत मोकळेपणाने मत लिहितात आणि ती वही पाच-सहा मित्रांना वाचायला देतात. काही महिन्यांपूर्वी त्यांनी ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ हा गेम 11 तास खेळून सोडून दिला आणि ‘कंटाळवाणा आहे, लोक उगाच डोक्यावर घेतात’ असे लिहिले. त्यावर एका मित्राने सुनावले, की गेम पूर्ण केल्याशिवाय मत देण्याचा अधिकार कुणालाच नाही. दुसरा, सर्वांत जवळचा मित्र काहीच बोलला नाही. वडिलांच्या दीर्घ आजारपणात त्याने रात्री जागून तोच गेम पूर्ण केला होता, हे पत्रलेखकांना मागाहून कळले. तेव्हापासून ते कोणत्याही गेमबद्दल लिहिण्याआधी त्याला इतरांनी किती गुण दिले आहेत ते पाहतात आणि मग बेताचे काहीतरी लिहितात. ‘माझी आवडच सदोष आहे का? पूर्ण न केलेल्या गेमबद्दल गप्प बसावे का? की वहीच बंद करावी?’ असे त्यांनी विचारले आहे. सोबत वहीतली काही पाने पाठवली आहेत.

प्रिय वाचक,

तुमचे पत्र वाचण्याआधी मी सोबतची पाने वाचली, म्हणून उत्तराची सुरुवातही त्यांच्यापासूनच करते. तीन वर्षांपूर्वीच्या एका पानावर तुम्ही ‘स्टारड्यू व्हॅली’बद्दल लिहिले आहे, की सकाळी उठून झारीने एकेका चौकोनाला पाणी घालता घालताच अंगातली शक्ती दाखवणारी पट्टी निम्म्यावर येते, मग मासे धरायला जावे की खाणीत उतरावे हे ठरेपर्यंत अंधार पडतो, आणि तरीही झोपायला जाताना ‘आणखी एक दिवस खेळू’ असेच वाटते. त्या गेममधला अख्खा दिवस खऱ्या घड्याळात जेमतेम 14 मिनिटांचा असतो. ज्याने तो खेळला आहे त्याला तुमची नोंद वाचताना स्वतःची धांदल आठवेल, आणि ज्याने खेळलेला नाही त्याला आपल्याला हे झेपेल की नाही याचा अंदाज येईल. गेल्या महिन्यातल्या पानावर मात्र एका नव्या गेमबद्दल एवढेच आहे: ‘ग्राफिक्स उत्तम, कथा चांगली, काही ठिकाणी संथ, 10 पैकी 8.’ मी गेमचे नाव बोटाने झाकून ती ओळ पुन्हा वाचली. ती कोणत्याही मोठ्या गेमला लागू पडली असती. मित्र दुखावला त्या दिवशी तुमची अडचण सुरू झाली, असे तुम्ही लिहिता. मला वाटते, लेखणी हातात घेण्याआधी दुसऱ्यांचे गुण पाहिलेत त्या दिवशी ती सुरू झाली.

आता अधिकाराचा प्रश्न घेते, कारण तुमच्या पहिल्या मित्राने घातलेली अट वरवर रास्त दिसते. ती शब्दशः पाळायची, तर 1984 साली अलेक्सी पाझितनोव्ह यांनी तयार केलेल्या ‘टेट्रिस’बद्दल कुणालाच बोलता आले नसते. त्या गेमला ठरवून दिलेला शेवटच नाही. ठोकळे पडत राहतात, त्यांचा वेग वाढत जातो आणि कधीतरी आपण हरतो. एनईएस या टीव्हीला जोडून खेळायच्या कन्सोलवर 1989 साली आलेली त्याची आवृत्ती गोठून बंद पडेपर्यंत खेळणे माणसाला पहिल्यांदा साधले ते 2023 च्या डिसेंबरात, एका 13 वर्षांच्या मुलाला. त्याआधीची 34 वर्षे ज्या असंख्य लोकांनी तो गेम खेळला, त्यांना तो कसा आहे हे ठाऊक नव्हते, असे तुमचा मित्रही म्हणणार नाही.

मात्र नियम चुकीचा निघाला म्हणून त्यामागची शंका चुकीची ठरत नाही. ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ मध्ये सहा प्रकरणे आणि त्यांच्यानंतर दोन भागांचा उपसंहार आहे. 11 तासांत तुम्ही बहुधा दुसऱ्या प्रकरणात असाल: बर्फातला तो लांबलेला आरंभ मागे पडला आहे आणि नायकाच्या दरोडेखोर टोळीने नव्या जागी तळ ठोकला आहे. त्या तळात शिरताच हा नायक, आर्थर मॉर्गन, धावणे सोडून चालू लागतो, तुम्ही कितीही बटण दाबा. शिकार केलेल्या जनावराचे कातडे तो तुमच्या डोळ्यांसमोर सोलतो आणि उचलून घोड्यावर टाकतो. कपाटाचा खण ओढतो, आतली वस्तू उचलून खिशात घालतो, मग दुसरा खण ओढतो. हे सारे पहिल्या वेळी जितके सावकाश, तितकेच पन्नासाव्या वेळीही. ही लय तुम्हाला जाचली हे सांगायला 11 तास पुरेसे आहेत. किंबहुना 5 तासही पुरले असते, कारण ती लय शेवटपर्यंत तशीच राहते.

‘लोक उगाच डोक्यावर घेतात’ हे सांगायला मात्र 11 तास पुरत नाहीत. लोक तो गेम ज्यासाठी डोक्यावर घेतात त्यातले पुष्कळसे उत्तरार्धात आहे. आर्थरच्या वाट्याला पुढे काय येते ते मी इथे उघड करत नाही, कारण उद्या तुम्हाला परत जावेसे वाटले तर ते तुमच्यासमोर कोरे यायला हवे. एवढेच सांगते, की ज्या संथपणाला तुम्ही कंटाळलात, त्याच संथपणात या माणसासोबत घालवलेले तास तिथे कामी येतात. म्हणजे तुमच्या नोंदीच्या पहिल्या अर्ध्या वाक्याला तुमच्या खेळण्याचा आधार होता आणि दुसऱ्या अर्ध्याला नव्हता. जितके खेळलो तितक्यापुरते ठामपणे बोलायचे आणि आपण कुठे थांबलो ते त्याच ओळीत सांगायचे, एवढे पथ्य पाळलेत तर कुणाच्या परवानगीची गरज उरत नाही.

पत्रात तुम्ही ‘प्रामाणिक’ हा शब्द अनेकदा वापरला आहे आणि दर वेळी त्याचा अर्थ ‘त्या क्षणी जे वाटले ते’ असा घेतला आहे. इथे थोडे थांबावेसे वाटते. मी ‘हॉलो नाइट’ पहिल्यांदा खेळले तेव्हा चार तासांनी वैतागून बंद केला आणि माझ्या टिपणात लिहिले, ‘नकाशा दडवून ठेवणे म्हणजे अवघडपणा नव्हे, खेळाडूचा वेळ खाणे.’ त्या गेममध्ये नव्या भागात शिरलो, की आपल्याजवळ तिथला नकाशा नसतो. कॉर्निफर नावाचा नकाशे काढणारा किडा शोधून त्याच्याकडून तो विकत घ्यावा लागतो, तोही अर्धवट मिळतो. उरलेला भाग भरण्यासाठी लेखणी विकत घ्यायची, मग बाकावर जाऊन बसायचे, तेव्हा कुठे फिरलेल्या जागा त्यावर उमटतात. आपण स्वतः कुठे उभे आहोत हे दिसण्यासाठी होकायंत्राचा ताईत लागतो आणि तो ताइतांच्या मोजक्या जागांपैकी एक अडवतो. माझी तक्रार त्या क्षणी अगदी खरी होती. दोन महिन्यांनी तेच टिपण वाचताना मात्र आठवले, की त्या आठवड्यात मी रोज रात्री दमून आल्यावर वीस-वीस मिनिटे खेळत होते आणि काल कुठे होते हेच दर वेळी विसरत होते.

मग एका सुटीच्या दुपारी तो पुन्हा सुरू केला. अंधाऱ्या बोगद्यांत बराच वेळ भरकटल्यावर जमिनीवर कागदाचा एक कपटा दिसला, पुढे आणखी एक दिसला, आणि मग कुणाचे तरी गुणगुणणे कानावर आले. कॉर्निफर जवळच आहे हे कळून जीव भांड्यात पडला. नकाशा आयता हातात असता, तर ते गुणगुणणे मला इतके गोड लागले नसते. नकाशाबद्दलचे माझे मत त्या दुपारी बदलले. दुसरी तक्रार मात्र आजही कायम आहे: बॉसकडून, म्हणजे एखाद्या बड्या शत्रूकडून, हरल्यावर शेवटच्या बाकापासून तीच वाट पुन्हा तुडवत जाण्यात शिकण्यासारखे काही उरत नाही, आणि तो वेळ मला फुकट गेल्यासारखा वाटतो. पहिल्या मतात गेमइतकाच माझा थकवाही बोलत होता, पण तो मी नोंदीत लिहिला नव्हता. लिहिला असता, तर वाचणाऱ्याने त्या मताला तेवढेच वजन दिले असते.

म्हणून मताच्या आधी एक ओळ खेळण्याच्या परिस्थितीची लिहा, असे मी तुम्हाला आणि वही ठेवणाऱ्या इतर वाचकांनाही सुचवेन. किती तास खेळलो, कशावर खेळलो, सलग की तुकड्या-तुकड्यांनी, आणि काठिण्य कोणते ठेवले होते. यातली शेवटची गोष्ट खेळाडू सर्वांत जास्त लपवतात आणि नेमकी तीच मत वाचणाऱ्याला सर्वांत जास्त हवी असते. ‘सेलेस्ट’ या डोंगर चढण्याच्या गेममध्ये असिस्ट मोड आहे: गेमचा वेग कमी करता येतो, कड्याला धरून राहण्याची ताकद संपणार नाही असे करता येते, अगदी मरणही बंद करता येते. ‘हेडीस’चा गॉड मोड सुरू केला, की होणारी इजा 20 टक्क्यांनी कमी होते आणि पुढे प्रत्येक मरणानंतर ती सवलत 2 टक्क्यांनी वाढत जाते. या सोयी गेम करणाऱ्यांनीच दिलेल्या आहेत, तेव्हा त्या वापरून खेळलो हे लिहायला संकोच करू नये. उलट, ‘गॉड मोड लावूनही मला तेच ते वाटले’ हे मत ‘फार अवघड आहे’ या मतापेक्षा कितीतरी अधिक सांगते.

‘एल्डन रिंग’ मध्ये असा पर्यायच नाही. सुरुवातीच्या गुहेतून मोकळ्यावर पाऊल टाकताच समोर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार फिरताना दिसतो. तो त्या वेळच्या आपल्या ताकदीच्या पलीकडचा असतो, आणि त्याला टाळून वळसा घालून पुढे जा, असे गेम आपल्याला सांगत नाही. एक खेळाडू पहिले दोन तास त्याच्याच हातून मरत राहतो, दुसरा झाडांच्या आडून निघून जातो आणि संध्याकाळभर अवशेष धुंडाळत हिंडतो. दोघांची मते एकमेकांविरुद्ध गेली, तर त्यांच्यापैकी कुणी खोटे बोलत आहे असे नाही. आपण त्या घोडेस्वाराचे काय केले, हे दोघांनी लिहायला हवे.

तारीखही लिहीत जा. पूर्वी कार्ट्रिजवर मिळणारा गेम जसा हातात यायचा तसाच राहायचा. आता तो विकल्यानंतरही घडत राहतो. ‘सायबरपंक 2077’ हा 10 डिसेंबर 2020 रोजी आला तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची इतकी दैना होती, की आठवडाभरात तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढण्यात आला आणि जून 2021 मध्ये परत आला. सप्टेंबर 2023 मधल्या 2.0 अपडेटने त्यातल्या कौशल्यांची रचना आणि पोलिसांचे वागणे नव्याने बांधले. त्या डिसेंबरात ‘खेळण्याजोगा नाही’ असे लिहिणारा आणि तीन वर्षांनी त्याच्या प्रेमात पडलेला, दोघेही खरे बोलत होते.

आता गुणांकडे वळते. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’ हा 19 जून 2020 रोजी प्रकाशित झाला आणि त्याच दिवशी मेटाक्रिटिक या समीक्षकांचे आणि खेळाडूंचे गुण एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावर खेळाडूंचे हजारो गुण जमा झाले. त्यांतले पुष्कळ शून्य होते, आणि त्यांना उत्तर म्हणून दिलेले पूर्ण 10 ही कमी नव्हते. तो गेम पूर्ण व्हायला 20 हून अधिक तास लागतात. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकने नवा गेम आल्यावर पहिले 36 तास खेळाडूंना मत नोंदवता येणार नाही, अशी व्यवस्था केली. तुम्ही लेखणी उचलण्याआधी जो आकडा पाहता, त्यात अशा घाईघाईने टाकलेल्या आकड्यांचाही वाटा असू शकतो. समीक्षकांच्या गुणांचे तसे नसते. ते बहुतेकदा खेळून दिलेले असतात. पण त्यांच्या सरासरीतही, संथपणा आवडणारा आणि संथपणाने वैतागलेला अशा दोघांना मिळून एक आकडा बनतो आणि त्या आकड्यात दोघांपैकी कुणीच उरत नाही.

इतरांची मते वाचूच नका, असे मी म्हणणार नाही, कारण ती वाचल्याने आपले काय सुटले ते कळते. फक्त क्रम बदला. आधी तुमची नोंद पूर्ण करा, वही मिटा, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांचे वाचा. तुमच्याशी जोरदार असहमत असलेले एखादे सविस्तर मत निवडून वाचलेत तर अधिक उपयोग होईल. काही नवे उमगले तर ते खाली वेगळ्या शाईने लिहा. आणि 10 पैकी गुण द्यायचे सोडूनच पाहा. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात मत देताना खेळाडूला फक्त ‘शिफारस करतो’ की ‘करत नाही’ एवढेच निवडता येते आणि शेजारी त्याने किती तास खेळले ते आपोआप छापले जाते. ती पद्धत मला जास्त सरळ वाटते.

स्टीमवरून आणखी एक सुचले. तिथे खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर गेम परत करून पैसे मागता येतात. तुमच्या मित्रांना सर्वांत उपयोगी पडेल ती नोंद म्हणूनच बहुधा पहिल्या दोन तासांचीच असेल: या वेळात गेम काय दाखवतो, काय दडवतो, आणि आवडणार नसेल तर ते एवढ्यात कळते का. गेम पूर्ण केल्यावर ही नोंद लिहिता येत नाही, कारण तोवर आपल्याला सगळे सवयीचे झालेले असते. अर्ध्यावर सोडणाऱ्या खेळाडूजवळ ती ताजी असते.

आवड सदोष आहे का, या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच पानांत आहे. त्या पानांवर तुम्हाला आवडलेले गेम एकापुढे एक ठेवले तर दिसते, की हातांनी केलेल्या छोट्या कृतीचे फळ लगेच दिसावे आणि वेळ थोडा कमी पडावा, हे तुम्हाला रुचते. ‘स्टारड्यू व्हॅली’तला 14 मिनिटांचा दिवस म्हणूनच तुम्हाला धरून ठेवतो, आणि आर्थरने सावकाश ओढलेला खण म्हणूनच तुम्हाला डिवचतो. यात दोष कसला? वहीच्या पहिल्या पानावर हे तीन-चार वाक्यांत लिहून ठेवा. मग ज्या मित्राची आवड तुमच्या उलट आहे, त्याला तुमची नापसंती वाचूनही ‘हा गेम माझ्यासाठी आहे’ असे ठरवता येईल.

काही वाचकांना स्वतः गेम बनवणाऱ्या मित्रालाच मत द्यायचे असते, आणि तिथे स्पष्ट बोलणे अधिक अवघड वाटते. त्यांच्यासाठी एवढेच, की आपण कुठे अडकलो, तिथे कोणते बटण दाबून पाहिले आणि काय होईल असे वाटले होते, ते जसेच्या तसे सांगावे. उपाय सुचवण्याची घाई करू नये. तो मित्राला शोधू द्यावा.

आता तुमच्या जवळच्या मित्राविषयी. त्याने तुमच्या मताशी वाद घातला नाही, यावरून मला वाटते, की त्याला मत लागले नसावे. ‘लोक उगाच डोक्यावर घेतात’ या शब्दांतल्या ‘लोकां’मध्ये तोही होता, आणि त्या रात्री त्या गेमने त्याला सोबत केली ते ‘उगाच’ ठरले, हे लागले असावे. तुम्हाला त्याच्या रात्रींची कल्पना नव्हती, तेव्हा स्वतःला फार बोल लावू नका. कंटाळा आल्याबद्दल क्षमाही मागू नका, ते खोटे होईल आणि त्यालाही ते कळेल. क्षमा मागायची तर त्या ‘उगाच’बद्दल मागा, थेट आणि थोडक्यात.

मित्राखातर उरलेला गेम रेटून पूर्ण करण्याचा विचार तुमच्या पत्रात डोकावतो, त्यात मात्र मला धोका दिसतो. तुम्ही मनावर दगड ठेवून खेळाल, आणि शेवटी त्याने ‘मग, कसा वाटला?’ म्हणून विचारले, की पुन्हा बेताचे काहीतरी बोलाल. त्यापेक्षा त्याची सेव्ह, म्हणजे जपून ठेवलेला खेळ, अजून शिल्लक असेल तर ती उघडायला सांगा आणि कंट्रोलर त्याच्याच हातात राहू देऊन शेजारी बसा. गेममधली कोणती जागा त्याला आवडते ते विचारा. वडिलांचा विषय तुम्ही काढू नका. त्याला बोलायचे असेल तर घोडा सावकाश चालवत एखाद्या डोंगराकडे जाताना तो आपणच बोलेल, आणि त्यासाठी तो गेम पुरेसा संथ आहे.

वही बंद करू नका आणि जुन्या नोंदीवर काटही मारू नका. तिच्याखाली आजची तारीख घालून लिहा: ‘11 तास, दुसऱ्या प्रकरणापर्यंत. तळात धावता येत नाही आणि प्रत्येक खण वेगळा उघडावा लागतो, याने मी थकलो. कथेबद्दल बोलण्याइतका पुढे गेलो नाही.’ त्यापुढे दोन-तीन ओळींची जागा मोकळी सोडा. मित्राच्या शेजारी बसून आलात, की तिथे त्याला आवडणाऱ्या त्या जागेबद्दल लिहा, शक्यतो त्याच्याच शब्दांत, आणि मग वही आधी त्याला वाचायला द्या.